बांधाच्या दोन्ही बाजू : नवेगावबांध आणि ‘ग्रामीण’–‘अरण्य’ या संज्ञांचा प्रश्न

‘ग्रामीण साहित्य’ ही संज्ञा मराठी समीक्षेत जसजशी स्थिरावत गेली, तसतसा तिच्या पोटात एक विशिष्ट भूगोलही स्थिरावत गेला. या दुसऱ्या गोष्टीकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही. संज्ञेची चर्चा आपण बहुधा जाणिवेच्या अंगाने केली. लेखक खेड्यातला की खेड्याकडे पाहणारा, बोली संवादापुरती की निवेदनातही, कृषिसंस्कृती टिकते आहे की मोडते आहे, हे आपले प्रश्न होते आणि ते गैरलागू नव्हते. परंतु या प्रश्नांच्या तळाशी जे खेडे गृहीत धरलेले होते, ते उघड्यावरचे खेडे होते. ‘बनगरवाडी’ (१९५५) माणदेशातली, ‘धग’ (१९६०) वऱ्हाडातली, ‘गोतावळा’ (१९७१) कोल्हापूरच्या बाजूची आणि ‘बारोमास’ (२००२) बुलढाण्याकडची. या कृतींची प्रकृती परस्परांहून कितीही भिन्न असली, तरी त्यांतले शेत संपते तेथे दुसरे शेत सुरू होते, किंवा माळ सुरू होतो. क्षितिज दिसते. पाऊस येणार की नाही हे माणसे आभाळाकडे पाहून ठरवितात, कारण आभाळ पुष्कळ असते. कोकणातल्या झाडांनी वेढलेल्या गावाला आपण मुळातच ‘प्रादेशिक’ हे निराळे नाव देऊन टाकले होते, त्यामुळे पेंडसे-दांडेकरांच्या कादंबऱ्यांनी या गृहीतकाला फारसा धक्का दिला नाही.

मग ज्या गावाचे शेत संपते तेथे रानच सुरू होते, अशा शेतकरी गावाला आपल्या संज्ञाव्यवस्थेत कोठे जागा आहे? प्रश्न अमूर्त ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून एकच गाव समोर ठेवतो.

नवेगावबांध हे गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यातले गाव. जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, त्यामुळे जुन्या लेखनात ते भंडारा जिल्ह्यातच भेटते. गाव भाताचे आहे. बांध्या, बांध्यांमधले धुरे, मृगात टाकलेले पऱ्हे, आषाढातली रोवणी आणि दिवाळीच्या आगेमागे कापणी असे त्याचे वर्ष. या भाताला पाणी देणारा तलाव अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अशी परंपरा आहे. तलावाभोवती टेकड्या आणि टेकड्यांवर रान. या रानाला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१३ मध्ये ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. गावाच्या नावातच दोन क्रिया आहेत : ‘नवे गाव’ वसविणे आणि ‘बांध’ घालणे. रान त्या नावात नाही. तरीही मराठी वाचकाला ‘नवेगावबांध’ म्हटले की भात आठवत नाही, रान आणि पक्षी आठवतात.

हे घडविले मारुती चितमपल्ली यांच्या लेखनाने. १९३२ मध्ये सोलापुरात जन्मलेला हा वनाधिकारी नोकरीच्या निमित्ताने नवेगावी आला, तेथे रमला आणि ‘नवेगावबांधचे दिवस’पासून ‘चकवाचांदण’ या आत्मकथनापर्यंत त्या परिसराकडे वारंवार परतत राहिला. २०२५ च्या जूनमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा जे मृत्युलेख लिहिले गेले त्यांत ‘अरण्यऋषी’ हे विशेषण जवळजवळ नामासारखे वापरले गेले. या विशेषणाविषयी मला आदर आहे, पण समीक्षक म्हणून मला त्याची थोडी भीतीही वाटते. ऋषी म्हटला की अरण्य हे तपोवन होते, आणि तपोवनात रोवणी नसते.

चितमपल्लींच्या लेखनातील एक वस्तुस्थिती मात्र या विशेषणाखाली दडपली जाते. त्यांच्या रानविद्येचा एक मोठा स्रोत म्हणजे नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार. त्यांचे ऋण स्वतः चितमपल्लींनी कधी लपविले नाही. आपल्या वाचनात मात्र या माधवरावांचे काय झाले? ते ‘रानातले गुरू’ झाले. ‘पाटील’ हा शब्द आपण उपनामासारखा वाचला. वस्तुतः तो त्यांच्या ज्ञानाचा पत्ता आहे. ज्या गावाचे पाणी टेकड्यांवरून तलावात उतरते, ज्याची गुरे रानात चरतात, ज्याच्या उभ्या धानात रानडुकरे शिरतात, त्या गावच्या पाटलाला रान कळणे ही गूढ गोष्ट नव्हे. तो त्याच्या शेतीचा भाग आहे. कोणत्या झाडीत पाणी टिकते, कोणता पक्षी कोणत्या आठवड्यात तलावावर उतरतो, हे ज्ञान आपल्याला ‘अरण्यविद्या’ वाटते, कारण आपण ते शेतापासून तोडून वाचतो.

येथे एक तुलना सुचते. ‘बनगरवाडी’चा निवेदक हा औंध संस्थानाच्या चाकरीतला तरुण शिक्षक आहे. तो नेमणुकीने येतो, परका म्हणून येतो, हळूहळू वाडीचा होतो आणि दुष्काळाने वाडी उठल्यावर निघून जातो. चितमपल्लींच्या नवेगावविषयक लेखनाचा निवेदकही नेमणुकीने येतो, परका म्हणून येतो, गावातल्या एका जाणत्याच्या हाताने त्या प्रदेशात प्रवेश करतो आणि बदलीच्या नियमाने दूर जातो. निवेदनाची ही चौकट एकच आहे : राज्यसंस्थेचा नोकर, त्याचे आगमन, स्थानिक वडीलधाऱ्याचे पालकत्व आणि वियोग. भेद खात्याचा आहे. एक शिक्षण खात्याचा, दुसरा वन खात्याचा. आणि केवळ या भेदामुळे पहिली कृती ‘ग्रामीण’च्या फडताळात गेली, दुसरीला ‘निसर्गपर ललित’ हे नाव मिळाले. खुद्द माडगूळकरांची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. नवेगावपासून फार दूर नसलेल्या नागझिऱ्याच्या रानात जाऊन राहिल्यावर त्यांनी ‘नागझिरा’ हे पुस्तक लिहिले. ग्रामीण साहित्याच्या चर्चेत ते कधी येत नाही. एकाच लेखकाची नजर, एकाच लेखकाची वाक्ये. परंतु समीक्षेने मधोमध दोरी बांधून टाकली.

ही दोरी केवळ पुस्तकांच्या याद्यांपुरती असती तर मी हा लेख लिहिला नसता. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे झाडीपट्टीतल्या एका विद्यार्थिनीने प्रबंधाचा विषय आणला. तिच्या गावाकडच्या लेखनातील ‘तलाव’ या आशयसूत्राचा तिला अभ्यास करावयाचा होता. नोंदणीच्या अर्जात एक रकाना असतो, ‘साहित्यप्रवाह’. ग्रामीण, दलित, आदिवासी, स्त्रीवादी इत्यादी. तिने ‘ग्रामीण’ लिहिले. अर्ज परत आला. शेऱ्यात म्हटले होते की निवडलेल्या कृती निसर्गविषयक असल्याने प्रवाह तपासावा. तिने ‘आदिवासी’ लिहून पाहिले. पुन्हा परत, कारण लेखक आदिवासी नव्हते. तिसऱ्या वेळी ती माझ्यासमोर बसून म्हणाली, “सर, आमच्या घरी सहा एकर धान आहे, उन्हाळ्यात आई मोहफुले वेचायला जाते, आणि मामा तेंदूपत्त्याच्या फळीवर असतो. मी कोणत्या प्रवाहातली?” मी तिला विषय बदलावयास सांगितले. तो सल्ला व्यवहाराच्या दृष्टीने योग्य होता, आणि तो दिल्याचे मला अजून वाईट वाटते. कारण तिचा प्रश्न अर्जाविषयी नव्हता, आमच्या शास्त्राविषयी होता. आणि त्याचे उत्तर मला त्या वेळी ठाऊक नव्हते.

आज मला असे वाटते की आपले प्रवाह ज्या रेषांवर विभागले गेले आहेत, त्या रेषा आशयाच्या कमी आणि प्रशासनाच्या अधिक आहेत. महसूल खात्याची जमीन ‘ग्रामीण’ साहित्याकडे, वन खात्याची ‘निसर्ग’ साहित्याकडे, आदिवासी विकास खात्याची ‘आदिवासी’ साहित्याकडे. १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या वन कायद्याने गाव आणि रान यांच्यामध्ये जी सरहद्द पक्की केली, ती समीक्षेने नकळत स्वीकारली. हे विधान थोडे उद्धट आहे याची मला जाणीव आहे. दलित आणि आदिवासी प्रवाहांची संज्ञा संघर्षातून घडली आहे आणि तिच्यावर खातेवाटपाचा आरोप करणे अन्यायाचे होईल. माझा रोख ‘ग्रामीण’ आणि ‘निसर्गपर’ या जोडीवर आहे. या जोडीच्या मागे संघर्ष नव्हता, सवय होती.

सवयीपलीकडे पाहावयाचे तर आपल्याकडे साधने नाहीत असे नाही. गुंथर सोन्थायमर यांनी महाराष्ट्रातील धनगर, खंडोबा आणि बिरोबा यांचा अभ्यास करताना ‘वन’ आणि ‘क्षेत्र’ ही संकल्पनांची जोडी मांडली. या जोडीतली दोन्ही पदे परस्परविरोधी नसून परस्परपूरक आहेत, त्यांच्यात सततची ये-जा आहे, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा. खंडोबाच्या दोन स्त्रिया हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण : म्हाळसा वस्तीतली, बाणाई रानातली, आणि देव दोघींचा. चार्ल्स मालामूद यांनी वैदिक परंपरेतील ग्राम आणि अरण्य यांचा विचार करताना ‘अरण्य’ म्हणजे झाडी नव्हे, तर ‘अरण’, म्हणजे परके, असा व्युत्पत्तीचा धागा पकडला. गावाला जे परके ते अरण्य, मग तेथे झाड असो वा नसो. या दोन मांडण्यांत एक ताण आहे आणि तो मला उपयुक्त वाटतो. नवेगावच्या माणसाला भोवतालची झाडी परकी नाही. म्हणजे मालामूद यांच्या अर्थाने ती ‘अरण्य’च नाही. ती परकी असते ती आगंतुकाला. ‘अरण्यलेखन’ हा शब्दच आगंतुकाच्या नजरेतून घडलेला आहे.

‘जंगल’ या शब्दाची कथा याहून मौजेची आहे. फ्रान्सिस झिमरमन यांनी आयुर्वेदाच्या ग्रंथांतून दाखवून दिले की ‘जांगल’ देश म्हणजे दाट झाडीचा नव्हे, तर कोरडा, उघडा, काटेरी झुडपांचा, हरणे पळतात असा देश. आणि पाणथळ, दलदलीचा, भाताचा देश तो ‘आनूप’. या जुन्या भूगोलाने पाहिले तर बनगरवाडीचा माळ ‘जांगल’ ठरतो आणि तलाव-बोड्यांचे नवेगाव ‘आनूप’. म्हणजे मराठीतले खरे ‘जंगल’ आपण ‘ग्रामीण’ म्हणून वाचत आलो आणि पाण्याच्या शेतकरी देशाला ‘जंगल’ म्हणत आलो. शब्दांचा अर्थ बदलतो, त्यात गैर काही नाही. परंतु बदललेल्या अर्थावर साहित्यप्रकारांची भिंत उभारली जाते, तेव्हा तिचा पाया एकदा उकरून पाहावयास हवा.

नवेगावच्या तलावाची दंतकथा सोन्थायमर यांच्या हाती लागली असती तर त्यांनी तिचे काय केले असते, असा विचार मनात येतो. तलाव बांधणारा कोलू पाटील पुढे देव झाला. त्याचे नाव झाले कोलासुर, आणि त्याचे स्थान गावात नसून तलावाभोवतीच्या, ‘सात बहिणी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिखरांपैकी एकावर आहे. हे तपशील परंपरेत इतके सहज सांगितले जातात की त्यांतली विसंगती लक्षात येत नाही. ज्याने पाणी अडवून क्षेत्र निर्माण केले, ज्याच्यामुळे बांध्या पिकल्या, त्या कृषिपुरुषाला लोकमानसाने असुराचे नाव दिले आणि रानात बसविले. म्हसोबाच्या पाठीमागे महिषासुर उभा असतो, हे आपण ढेरे-सोन्थायमर यांच्यामुळे जाणतो. तेथे रानातला असुर वस्तीच्या देवात रूपांतरित होतो. येथे प्रवास उलटा आहे. वस्तीचा पाटील रानाचा असुर होतो. त्याने टेकड्यांकडून पाणी घेतले, म्हणून तो टेकड्यांना परत दिला गेला, असे मी या कथेचे वाचन करीन. हे वाचन प्रमाण आहे असा माझा दावा नाही, परंतु एवढे निश्चित की ही कथा ना ‘ग्रामीण’ आहे ना ‘अरण्य’. ती बांधावरची आहे, आणि तिची सारी शक्ती ती बांधावर असण्यात आहे.

आता भाषेकडे वळू. चितमपल्लींनी मराठीला दिलेल्या शब्दांचा उल्लेख त्यांच्याविषयीच्या प्रत्येक लेखात असतो : कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’, बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’, पक्ष्यांच्या रात्रीच्या मुक्कामाला ‘रातनिवारा’. या शब्दांत दोन भिन्न घडणी आहेत. पहिले दोन संस्कृत समास, ‘आगार’ हे बांधलेल्या वास्तूचे उत्तरपद घेऊन आलेले. तिसरा बोलीच्या कुळातला, निवाऱ्याची ऊब असलेला. संस्कृत व्युत्पन्न अधिकारी आणि गावकऱ्याच्या शेजारी बसलेला ऐकणारा, अशा त्यांच्या निवेदकाच्या दोन बाजू या शब्दांत समोरासमोर येतात. ‘रातनिवारा’ मला अधिक श्रेष्ठ वाटतो, कारण तो पक्ष्याला माणसाच्या शेजारी आणतो. ‘काकागार’ त्याला कोशात नेतो. माझा मुद्दा मात्र याच्या पुढचा आहे. शब्ददानाची ही चर्चा नेहमी पक्षी आणि झाडे येथवर येऊन थांबते. बांधी, धुरा, पऱ्हे, बोडी, पाट या शब्दांचे मोल कोणी करीत नाही, कारण ते कोणी ‘दिलेले’ नाहीत. ते तेथे होतेच. समीक्षेला शब्द देणारा दिसतो, शब्द वापरणारा दिसत नाही.

यातला एक शब्द तर अख्खी कादंबरी आहे. झाडीपट्टीत जुन्या तलावांना ‘मामा तलाव’ म्हणतात. बाहेरचा माणूस नातेवाइकाची कल्पना करून हसतो. पण ‘मामा’ म्हणजे ‘माजी मालगुजारी’. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव शासनाकडे गेले, आणि कार्यालयीन कागदावरचे लघुरूप गावाने उचलून त्याला नाते चिकटविले. ज्या तलावाचा धनी गेला, ज्याच्या गाळाची आणि पाळीची जबाबदारी कोणाची हे संदिग्ध झाले, त्याला गाव मामा म्हणते. यात प्रेम आहे, उपरोध आहे, आणि शासनाच्या भाषेवर बोलीने केलेली मात आहे. देशीयतेची चर्चा आपण इतकी वर्षे केली. तिला यापेक्षा नेमके उदाहरण मिळणे कठीण, पण त्या चर्चेत हा शब्द मला कधी आढळला नाही.

विरोधी पुराव्याचाही विचार केला पाहिजे. कोणी म्हणेल, चितमपल्लींच्या लेखनात गाव गौण आहे हे समीक्षेने लादलेले नसून संहितेतच आहे. हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. त्यांच्या गद्याची उत्कटता पाण्यावर उतरणाऱ्या पक्ष्यापाशी जितकी आहे, तितकी चिखलात वाकलेल्या रोवणीच्या बायांपाशी नाही. वनाधिकाऱ्याच्या स्थानामुळे काही प्रश्न त्यांच्या निवेदकाला विचारताच येत नाहीत : मोहफुले वेचणाऱ्याचा हक्क कोणता, संरक्षित क्षेत्राच्या सीमेतल्या वस्तीचे काय. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर हे प्रश्न मराठी गद्यात वेगळ्या बाजूने आले. मिलिंद बोकील यांचे ‘गोष्ट मेंढा गावाची’ हे त्याचे ठळक उदाहरण. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्या पुस्तकात रान हे गावाच्या निर्णयाचा विषय होते, ध्यानाचा नव्हे. पण गंमत अशी की हे पुस्तकही ‘सामाजिक’ या तिसऱ्याच कप्प्यात गेले. तिन्ही कप्पे एकत्र ठेवून वाचणारा वाचक आपण घडविलाच नाही. आणि आज असे वाचन टाळता येण्यासारखे नाही. २०२३ मध्ये नवेगाव-नागझिऱ्यात दोन वाघिणी आणून सोडण्यात आल्या. वाघ वाढावेत हे योग्यच. परंतु पहाटे धानाला पाणी वळवायला निघालेल्या माणसाची वाक्ये कोणत्या साहित्यप्रवाहात लिहिली जाणार आहेत?

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे, आणि तो मला माझ्याच भागाने घातला. रान हा जर या गावांच्या जगण्याचा अविभाज्य भाग असेल, तर या गावांनी स्वतः घडविलेल्या कलेत तो दिसावयास हवा. झाडीपट्टीची रंगभूमी ही महाराष्ट्रातली एक अत्यंत जिवंत रंगभूमी आहे. वडसा हे तिचे केंद्र. दिवाळीनंतरच्या मंडईपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गावोगाव तिचे प्रयोग होतात. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यावर पुण्या-मुंबईनेही तिची दखल घेतली. परंतु तिची नाटके पाहा. बहुतेक कौटुंबिक आणि सामाजिक : सावत्र आई, दारुडा भाऊ, फसवलेली मुलगी, गावचा खलनायक, मधून मधून लावणी आणि विनोद. वाघ नाही, पक्षी नाही, रान जवळजवळ नाहीच. मी विद्यार्थ्यांसमोर ही अडचण अनेकदा ठेवली आहे, आणि बराच काळ ती मला माझ्या प्रतिपादनाचा पराभव वाटत असे.

आता तसे वाटत नाही. रान त्या नाटकांच्या कथानकात नाही, पण त्यांच्या रूपबंधात आहे. प्रयोग धान घरात आल्यावरच सुरू होतो, आणि तो रात्री दहाच्या सुमारास उभा राहून पहाटेपर्यंत चालतो. याचे कारण जुनी माणसे सरळ सांगतात : मध्यरात्री नाटक संपवून पाहुण्यांनी बैलगाड्या जुंपायच्या कशा? वाट झाडीतून होती. म्हणून नाटक उजाडेपर्यंत ताणले गेले. गाणी वाढली, उपकथानके वाढली, विनोदी पात्राला स्वतंत्र प्रवेश मिळाले. ज्याला नागरी समीक्षा ‘सैल रचना’ म्हणते, त्या रचनेची लांबी रानाने मोजून दिलेली आहे. गेल्या हंगामात मी अशा एका प्रयोगाला होतो. मंडपाबाहेर दोनशे-अडीचशे मोटारसायकली उभ्या होत्या, रस्ता डांबरी होता, आणि कोणालाही वीस मिनिटांत घरी जाता आले असते. पडदा पडला तेव्हा साडेपाच वाजले होते, आणि तोवर फारसे कोणी उठले नव्हते.